कामाचा अर्थ पटवून देण्याआधी तो कुठे तुटतो ते पाहावे

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला दिले आहे हे स्पष्ट राहील. काही आरोग्य केंद्रांच्या देखरेखीची जबाबदारी आपल्याकडे नुकतीच आली आहे. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, घरभेटी देणारे आरोग्य कर्मचारी, माहिती नोंदवणारे आणि सफाई कर्मचारी मिळून साठेक जण आपल्या हाताखाली आहेत आणि त्यांतले बरेच जण नुसत्या पाट्या टाकतात, असे आपले निरीक्षण आहे. काम अर्थपूर्ण वाटले की कर्मचाऱ्यांची वृत्ती पालटते, असे आपल्या वाचनात आले आहे. ते खरे आहे का, त्यासाठी एक दिवसाची कार्यशाळा घेऊन कामाचे महत्त्व त्यांना पटवून द्यावे का, आणि कार्यशाळेच्या आधी व नंतर प्रश्नावली भरून घेतल्यास फरक मोजता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी सार्वजनिक आरोग्य सेवेत सव्वीस वर्षे काढली; पहिली दहा वैद्यकीय अधिकारी म्हणून आणि पुढची देखरेख व प्रशिक्षणाच्या कामात. त्यावरून मला वाटते की आपला खरा प्रश्न थोडा वेगळा आहे. अर्थ कसा निर्माण करावा, असे आपण विचारता. परंतु बाळंतपण सुखरूप पार पाडणे, क्षयाचे निदान वेळेत करणे, लसीची शीतसाखळी सांभाळणे या कामांना अर्थ आहे की नाही, अशी शंका कोणालाच येत नाही. मग ज्या कामाचा अर्थ बाहेरच्या माणसाला उघड दिसतो, तो ते काम रोज करणाऱ्यालाच का दिसेनासा होतो? याचे उत्तर सापडले की कार्यशाळेचे काय करायचे तेही बरेचसे ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल केलेल्या बऱ्या. आपल्याकडे पगार वेळेवर होतात का, किती पदे रिक्त आहेत, कायम आणि कंत्राटी कर्मचारी शेजारी बसून एकच काम वेगवेगळ्या मोबदल्यावर करतात का, रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेच्या सुरक्षिततेची काय सोय आहे, यांवर माझे उत्तर किती लागू पडेल ते ठरेल. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला भेद मला अजूनही उपयोगी वाटतो. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, नोकरीची शाश्वती या गोष्टी बिघडल्या तर नाराजी वाढते, परंतु त्या सुधारल्या म्हणून कामाची गोडी लागतेच असे नाही. गोडी लागते ती प्रत्यक्ष कामातून, त्यात आलेल्या यशातून, जबाबदारीतून आणि कोणीतरी दखल घेतल्यामुळे. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि पगाराच्या बाबतीत हा भेद इतका स्वच्छ नसतो, हे मीही पाहिले आहे. तरी त्यातून एक व्यवहारातला इशारा मिळतो. ज्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे त्याच्यापुढे सेवेच्या अर्थाबद्दल बोलणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. आपल्याकडे तशी स्थिती असेल तर पुढचे सगळे बाजूला ठेवून आधी तेवढे एकच काम हाती घ्यावे.

आता आपला पहिला प्रश्न. ज्यांना काम अर्थपूर्ण वाटते ते अधिक समाधानी असतात, संस्थेशी अधिक जोडलेले असतात आणि नोकरी सोडण्याचा विचार कमी करतात, असे निरनिराळ्या क्षेत्रांतील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. मात्र यांतले बरेचसे अभ्यास एकाच प्रश्नावलीत अर्थाबद्दलही विचारतात आणि समाधानाबद्दलही. मुळात समाधानी असलेल्या माणसालाच काम अर्थपूर्ण वाटत असेल, ही शक्यता अशा अभ्यासांतून नाकारता येत नाही. म्हणून संबंध आहे हे खरे, परंतु अर्थाची मात्रा दिली की वृत्ती सुधारते असा त्याचा सरळ अर्थ घेऊ नये.

दुसरे असे की वृत्ती ही एकजिनसी गोष्ट नाही. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आणि मराठीत ते फार सहज उतरतात: एकाला इथे राहावेसे वाटते, दुसऱ्याला राहावे लागते, तिसऱ्याला आपण राहायला हवे असे वाटते. खासगी संस्थेत राहावेसे न वाटणारा माणूस राजीनामा देतो, त्यामुळे काहीतरी बिघडले आहे एवढे तरी व्यवस्थापनाला कळते. सार्वजनिक सेवेत कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन यांमुळे पहिल्या प्रकारातला माणूस गाजावाजा न होता दुसऱ्या प्रकारात सरकतो आणि हजेरीपट जसाच्या तसा राहतो. म्हणून अर्थाचा परिणाम राजीनाम्यांत किंवा गैरहजेरीत शोधू नये. कामाच्या ज्या भागावर कोणाचे लक्ष नसते तिथे तो दिसतो. लस दिल्यावर बाळाला ताप आला तर काय करायचे हे आईला समजेल अशा भाषेत सांगितले का, थुंकीचा नमुना अपुरा आला तेव्हा तंत्रज्ञाने दुसरा मागवला की तोच तपासून मोकळा झाला, औषधे न्यायला न आलेल्या रुग्णाच्या घरी कोणी गेले का, या गोष्टी कोणत्याही आदेशाने पूर्णपणे बांधता येत नाहीत. आणि आरोग्य सेवेचा दर्जा बव्हंशी त्यांवरच ठरतो.

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७०च्या दशकात कामाच्या रचनेविषयी जो आराखडा मांडला, तो मी प्रशिक्षणात आजही फळ्यावर काढतो. कामात निरनिराळी कौशल्ये लागणे, एखादे काम आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणे आणि त्याचा इतरांच्या जीवनावर परिणाम होणे, या तीन गोष्टींमुळे काम अर्थपूर्ण वाटते. त्यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात: काम कसे करावे याचे थोडे स्वातंत्र्य आणि केलेल्या कामाचे पुढे काय झाले याची माहिती. गंमत त्यांच्या सूत्रात आहे. पहिल्या तिन्हींची सरासरी घेतात, परंतु त्या सरासरीला स्वातंत्र्याने आणि फलिताच्या माहितीने गुणतात. म्हणजे परिणाम कितीही मोठा असो, या दोहोंपैकी एक गोष्ट शून्याजवळ गेली की सारा गुणाकार शून्याजवळ जातो. हा गुणाकार गणित म्हणून साध्या बेरजेपेक्षा फारसा सरस ठरलेला नाही, हेही सांगायला हवे. पण कुठे पाहावे हे दाखवण्यापुरते ते चित्र उत्तम आहे. आपल्या कार्यशाळांत आपण काय करतो? जो घटक आधीच भरपूर आहे त्या 'परिणामा'वर भाषणे देतो, आणि जे दोन घटक जवळपास शून्यावर आहेत त्यांना हातही लावत नाही.

फलिताची माहिती न मिळणे हे सार्वजनिक आरोग्याचे जन्मजात दुखणे आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये ज्याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटले, ते असे की समाजाला मोठा लाभ देणारा उपाय त्यात सहभागी होणाऱ्या एकेकट्या माणसाला मात्र फार थोडा लाभ देतो. रोझ यांचा रोख लोकांना अशा उपायांत रस का वाटत नाही याकडे होता. तोच न्याय कर्मचाऱ्यालाही लागू होतो, हा माझा अनुभव आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याला रुग्ण चालत घरी जाताना दिसतो. लस टोचणारीला, पाण्याचे नमुने घेणाऱ्याला, डासांच्या अळ्या शोधत पिंपे तपासणाऱ्याला आपले यश कधीच भेटत नाही, कारण त्याचे यश म्हणजे न घडलेली घटना असते. वाचलेल्या मुलाला आपण वाचलो हे ठाऊक नसते, त्याच्या आईलाही नसते.

माझ्यासोबत एक आरोग्य सेविका होत्या, अठरा वर्षे लसीकरण करत आलेल्या. एका आढावा बैठकीनंतर त्या मला म्हणाल्या, "साहेब, मी जन्मभर पोरांना रडवत आले. माझ्यामुळे बरे झालेले पोर काही मी पाहिले नाही." त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. मी भांडारातून गोवराच्या साथीच्या जुन्या नोंदवह्या काढायला लावल्या. त्यांच्याच कार्यक्षेत्रातल्या वस्त्यांची नावे पानोपानी होती, कुठे एकाच घरातली दोन-दोन मुले. त्या बोट ठेवून ओळी मोजत गेल्या. पुढच्या वर्षांच्या वह्यांत ओळी विरळ होत गेल्या आणि अलीकडच्या वहीत बहुतेक पानांवर गोवराचा रकाना कोरा होता. "हे आमच्यामुळे?" एवढेच त्यांनी विचारले. गोवर कमी होण्याला इतरही कारणे असतात, हे त्यांना आणि मला ठाऊक होते, पण त्या रकान्यात त्यांचा वाटा होता हेही खोटे नव्हते. पुढे नव्या सेविका रुजू झाल्या की पहिल्याच दिवशी त्या वह्या त्यांच्यापुढे ठेवायची पद्धत त्यांनी आपण होऊन पाडली.

कामाचे तुकडे होणे हे दुसरे कारण. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधील, परिचारिकांना शिक्षणही देणाऱ्या एका रुग्णालयातील परिचारिकांवर केलेला अभ्यास १९६०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तेथे एका परिचारिकेने एका रुग्णाचे सगळे पाहावे अशी रचना नव्हती. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे लावायची. रुग्णाचा उल्लेखही नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने होई. मेन्झीस यांचे म्हणणे असे की वेदना आणि मृत्यू यांच्या सततच्या सान्निध्यातून येणारी भीती दूर ठेवण्यासाठी ही रचना नकळत उभी राहिली होती. परंतु भीतीबरोबर तिने कामातले समाधानही दूर ठेवले. तिथल्या शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणी शिक्षण अर्धवट सोडून जात. मला त्या अभ्यासातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की कोणी दुष्ट हेतूने काही केले नव्हते. आपल्याकडचे तुकडेही असेच सोयीसाठी, हिशेबासाठी पाडलेले असतात.

क्षयाच्या कामात मी हे जवळून पाहिले. प्रयोगशाळा तंत्रज्ञ दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहतो, निकाल लिहितो आणि कागद पुढे पाठवतो. त्या रुग्णाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो आणि त्याचा शेवट दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या वहीत लिहिला जातो. म्हणजे ज्याने आजार पहिल्यांदा पाहिला त्याला तो गेला की नाही, हे कधीच कळत नाही. आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. दर महिन्याच्या अखेरीस, ज्या रुग्णांची पहिली काचपट्टी त्या तंत्रज्ञाने तपासली होती त्यांपैकी किती जणांचा उपचार पूर्ण झाला, कोणाचा मध्येच सुटला आणि कोण दगावले, याची यादी त्याच्याकडे परत जाऊ लागली. नाव नाही, फक्त क्रमांक आणि वय. दगावलेल्यांची नोंद वगळावी, कर्मचारी खचतील, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. मी ती ठेवली, आणि पहिले प्रश्न त्याच नोंदीवरून आले. हा नमुना केंद्रात येऊन किती दिवस पडून होता, असे एका तंत्रज्ञाने विचारले. त्याआधीच्या सात वर्षांत नमुन्यांच्या वाहतुकीबद्दल त्याने एकदाही चौकशी केली नव्हती. पुढे तपासणीचा दर्जाही सुधारला. त्याच काळात नवे सूक्ष्मदर्शकही आले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मी ठरवू शकत नाही.

लाभार्थी स्वतः समोर आला तर काय होते, यावर ॲडम ग्रँट यांचा एक नेटका प्रयोग आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटे गाठ घालून दिली गेली. महिन्याभरानंतर त्या गटाचा फोनवरचा वेळ आणि मिळवलेली रक्कम दोन्ही दुपटीहून अधिक झाली होती. इतर गटांत तसा बदल नव्हता. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या क्षेत्राला अधिक जवळचा प्रयोग ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये मांडला. रुग्णालयात हात धुण्याच्या जागी लावलेल्या फलकांत फक्त एक शब्द बदलला होता: हात धुतल्याने 'तुमचा' आजारांपासून बचाव होतो आणि हात धुतल्याने 'रुग्णांचा' बचाव होतो. पहिल्या फलकाने काही फरक पडला नाही, दुसऱ्याने साबण व जंतुनाशकाचा वापर वाढला. फलक लावला की काम झाले, असा यातून धडा घेऊ नका. माझ्या पाहण्यात कोणताही फलक सहा महिन्यांनी भिंतीचा भाग होतो.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर अर्थ कामात असतोच. कामाचा शेवट दिसत नसल्यामुळे आणि कामाचे तुकडे पडल्यामुळे तो करणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. आता आपल्याला कदाचित न आवडणारा भाग.

कॅथरीन बेली आणि एड्रियन मॅडन यांनी दहा निरनिराळ्या व्यवसायांतील १३५ जणांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये जे लिहिले, त्याने माझ्या देखरेखीच्या कल्पनेला धक्का दिला. काम केव्हा अर्थपूर्ण वाटले, याचे प्रसंग सांगताना लोकांनी वरिष्ठांचा उल्लेख क्वचितच केला. काम निरर्थक केव्हा वाटले, हे सांगताना मात्र वरिष्ठांची वागणूक वारंवार पुढे आली. म्हणजे अर्थ देणे आपल्या हातात फारसे नाही, पण तो घालवणे पुरेपूर आहे.

तो कसा घालवला जातो याची मला ठाऊक असलेली सर्वांत नेहमीची रीत म्हणजे नोंदी. एकाच गरोदर महिलेची माहिती सेविकेने आपल्या वहीत लिहायची, केंद्राच्या नोंदवहीत उतरवायची, संगणकावर एका प्रणालीत भरायची आणि महिनाअखेरीस तीच वेगळ्या तक्त्यात वर पाठवायची. त्यातून परत काय येते, तर एखादा रकाना रिकामा का, अशी विचारणा. नोंद ठेवणे हे आरोग्य सेवेचे मूळ काम आहे, त्याचा कंटाळा करून चालत नाही, हे मी शेकडो वेळा सांगितले आहे. पण जी नोंद कोणी वाचत नाही ती ठेवणाऱ्याला दोन गोष्टी शिकवते. पहिली, आपल्या वेळेला किंमत नाही. दुसरी अधिक घातक आहे: आकडा खरा असो वा नसो, भरलेला असला म्हणजे झाले. तिथून आकडे 'बसवायला' सुरुवात होते, आणि ज्याने एकदा आकडा बसवला त्याचा आपल्या कामावरचा विश्वास उडतो. अवास्तव लक्ष्ये हेच अधिक वेगाने करतात. कर्मचारी मुळात अप्रामाणिक असतात म्हणून खोटे आकडे येतात, असे मला नोकरीच्या सुरुवातीला वाटे. आता कोणत्याही केंद्रातले आकडे फारच गुळगुळीत दिसू लागले की मी आधी वरून गेलेली पत्रे वाचायला मागतो.

स्वातंत्र्याबाबतची माझी स्वतःची चूक सांगतो. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांविषयी लिहिले होते की एकाच हुद्द्यावरचे काही जण आपले काम झाडणे-पुसणे एवढेच समजत, तर काही जण आपण रुग्ण बरा होण्याला हातभार लावतो असे समजून कामाचा क्रम, वेळ आणि रुग्णांशी बोलणे यांत आपणहून बदल करीत. हे मी वाचले होते आणि तरीही माझ्या नजरेसमोर उलटे केले. एका केंद्रातल्या सफाईच्या बाई प्रसूतिकक्षाची सफाई ठरलेल्या वेळी न करता आत कोण आहे ते पाहून पुढे-मागे करीत, आणि भेदरलेल्या पहिलटकरणीजवळ दोन मिनिटे थांबत. स्वच्छतेच्या तपासणीत आम्हाला गुण कमी पडले, म्हणून मी प्रत्येक खोलीसाठी वेळेचा रकाना असलेला तक्ता तयार केला आणि दर दोन तासांनी सही बंधनकारक केली. गुण वाढले. काही महिन्यांनी तिथल्या परिचारिकेने मला सांगितले की बाई आता सही करतात आणि निघून जातात. त्यांच्या हातचे काम मी काढून घेतले नव्हते, त्या कामात जी निवड त्यांची होती ती घेतली होती. तो तक्ता मी नंतर मागे घेतला, पण त्या पूर्ववत झाल्या नाहीत.

अर्थाला दुसरी बाजूही आहे. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी प्राणिसंग्रहालयांतील प्राणी सांभाळणाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना हे काम म्हणजे आपले जीवितकार्य वाटत होते, त्यांना त्यात मोठा अर्थ दिसे आणि कामासाठी ते पैसा, वेळ आणि सुखसोयी यांवर पाणी सोडायलाही तयार असत; त्याचबरोबर व्यवस्थापन आपल्या या ओढीचा गैरफायदा घेते का, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. आरोग्य सेवेत हे मी पदोपदी पाहिले. रिक्त पदाचा अतिरिक्त भार कोणाकडे जातो? जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे. 'ही सेवा आहे, नोकरी नाही' हे वाक्य ज्या बैठकीत सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाते, त्या बैठकीत बहुधा मनुष्यबळाचा विषय टाळलेला असतो. आपल्या कार्यशाळेत ते वाक्य कोणालाही बोलू देऊ नका.

ज्याला कामाची चाड अधिक त्याला ते नीट करता न आल्याचा त्रासही अधिक होतो. काय करणे योग्य आहे हे कळते, पण व्यवस्थेच्या अडचणींमुळे ते करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नैतिक क्लेश असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, नीट न हाताळलेल्या दीर्घ कार्यताणातून येणाऱ्या स्थितीची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. त्यातला मधला कडवटपणा आपल्याला बैठकीत 'वाईट वृत्ती' म्हणून दिसतो. म्हणून आपल्या साठ जणांत जो सर्वांत तिरकस बोलतो, प्रत्येक नव्या योजनेवर हसतो, त्याच्याकडे आधी जावे असा माझा सल्ला आहे. नेहमी नाही, पण पुष्कळदा तो एकेकाळी सर्वांत गुंतलेला माणूस असतो. अशाच एका औषधनिर्मात्याकडे (फार्मासिस्टकडे) मी वर्षभर दुर्लक्ष केले होते. चार वर्षांपूर्वी मुलांच्या औषधांचा साठा संपत आल्याची त्याने तीन पत्रे लिहिली होती, उत्तर आले नव्हते, आणि साठा संपल्यावर कारणे दाखवा नोटीस मात्र त्यालाच आली होती. ती पत्रे त्याने जपून ठेवली होती. त्याला कामाचे महत्त्व पटवून देणारा मी कोण?

सेवाभाव आणि स्वतःची प्रगती यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये, हेही सांगतो, कारण अधिकारीवर्गात तो समज फार खोल आहे. झांबियामध्ये २०१० साली सामुदायिक आरोग्य सहायकांची नवी भरती झाली तेव्हा काही जिल्ह्यांतील जाहिरातींत समाजाच्या सेवेवर भर होता आणि काहींत पुढील बढतीच्या संधींवर. नावा अश्रफ, ओरियाना बांदिएरा या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला. बढतीचे आकर्षण पाहून आलेल्यांनी २९ टक्के अधिक घरभेटी दिल्या, आणि निवड झालेल्यांमध्ये त्यांचा सेवाभाव दुसऱ्या गटापेक्षा कमी नव्हता. ज्याला पुढे जायचे आहे तो कामाला कमी लागतो, हे गृहीतक त्यामुळे मी तरी सोडून दिले आहे.

प्रश्नावलीबद्दल. कामातील अर्थ मोजण्यासाठी मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मापनश्रेणी आहे आणि संशोधनासाठी ती चांगली आहे. परंतु आपण वरिष्ठ आहात, गट लहान आहे आणि अक्षरावरूनही माणूस ओळखता येतो; अशा ठिकाणी 'माझे काम जगाच्या भल्याचे आहे' यापुढे सगळेच होय लिहितात. कार्यशाळेनंतर आठवड्याने गुण वाढलेले दिसतील आणि त्यातून काहीही कळणार नाही. त्याऐवजी एकेकट्याशी, त्याच्या कामाच्या जागी, तीन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात आपल्या हातून झालेले कोणते काम कोणाच्या उपयोगी पडले आणि ते आपल्याला कसे कळले? आपण करता त्यांतले कोणते काम उद्या बंद झाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही? चुकीचे वाटत असूनही करावे लागले असे गेल्या वर्षात काय होते? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाला बहुतेक जण अडखळतात, तिथे आपल्याला फलिताची माहिती पोहोचवायची आहे. दुसऱ्याच्या उत्तरांत त्याच त्या नोंदवह्यांची नावे पुन्हा येतील. तिसऱ्याला पहिल्या भेटीत उत्तर मिळणार नाही. ते न मिळाल्याबद्दल राग मानू नये, आणि मिळाले तर ते बैठकीत कोणाच्याही नावाने बोलू नये.

राहिली कार्यशाळा. तिची तारीख ठरली असेल तर रद्द करू नका, फक्त वक्त्याला बोलावू नका. त्या दिवशी एका लांब टेबलावर आपल्या केंद्रांतल्या सगळ्या नोंदवह्या आणि तक्ते मांडा आणि प्रत्येकापुढे तो कोण भरतो, कोण वाचतो आणि वाचून काय करतो, हे कर्मचाऱ्यांकडूनच लिहून घ्या. ज्यापुढे 'कोण वाचतो' ही जागा रिकामी राहील त्यांची यादी करा. त्यांतले काही वरून आलेले असतील आणि ते बंद करण्याचा अधिकार आपल्याला नसेल. ते कोणते, हे तिथेच स्पष्ट सांगा. पण दोन-तीन तरी आपल्याच कार्यालयाने कधीतरी सुरू केलेले निघतील, ते त्याच दिवशी थांबवण्याचे पत्र काढा. पहिला तासभर बहुधा थकलेल्या प्रवास भत्त्याच्या तक्रारींत जाईल. तो जाऊ द्यावा, तक्रारी तारखेसह लिहून घ्याव्यात, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांतल्या कोणत्या सुटल्या आणि कोणत्या का सुटल्या नाहीत, इथून करावी.